सात नंबरचं काळीज

हळू! अहो, शिवताय की खिळे ठोकताय?… असा ओरडलो मी त्या चष्मेवाल्या डॉक्टरणीवर, आणि तुम्हाला सांगतो, सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली, की मामांना झालंय काय! बरोबरच आहे म्हणा, मी कोण? थ्रीडी छपाईचं यंत्र चालवणारा. रबरासारखी मऊ हृदयं छापायची, धुवायची, शिकाऊ डॉक्टरांपुढे ठेवायची, की बसले हे झडप शिवायला. आणि फाटली की? ‘फाटलं, मामा, दुसरं छापा!’ छापा काय छापा! हँडबिल आहे का?

मेहुणा परवा विचारतो, ‘भाऊजी, दवाखान्यात छापता तरी काय?’ काय सांगू त्याला? तुझ्या बहिणीचं काळीज छापतो रे बाबा, रोज एक!

हो, हिचंच. दोन वर्षांपूर्वी शिवता शिवता हिची झडप ऑपरेशनच्या टेबलावरच फाटली… मोठे डॉक्टर बाहेर आले आणि रडले हो माझ्यासमोर. नंतर म्हणाले, ‘मामा, मामींचं स्कॅन शिकवायला वापरू? पोरांचे हात इथे चुकू देत, तिथे नकोत.’ दिली सही. पोरांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी ती सात नंबर. सात नंबर! जिच्या तोंडाचा पट्टा पंचवीस वर्षं थांबला नाही, मी आपला नुसता हं हं करायचो… जिच्या पातेल्याला कोणी हात लावलेला खपायचा नाही, तिला रोज ही पोरं टोचणार, फाडणार, वर ‘दुसरं छापा!’ आणि फाटलेलं बादलीत टाकायचं कोणी? मी! टाकवेल का हो?

तर काल तीच चष्मेवाली. तीन तास मान वर नाही. मग आत पाणी भरलं, गळतं का बघायला… एक थेंब नाही गळला! टाळ्या, आरडाओरडा, आणि मी कोपऱ्यात फडक्यानं डोळे पुसतोय. पोरगी धावत आली, ‘मामा, रडताय काय? वाचली की सात नंबर!’

म्हटलं, हे मला द्या. ‘अहो, टाके घातलेलं कशाला? दुसरं छापा ना!’ दुसरं नको गं, पोरी… हेच दे.

आणलं डब्यातून, ठेवलं घरी, हिच्या मागे राहिलेल्या चष्म्याशेजारी. दोन वर्षांनी बरी होऊन घरी आली बघा. पण तुम्हाला सांगतो… आता बोलायचं सगळं मलाच, आणि हं म्हणायलासुद्धा कोणी नाही.