तळापासून मोजणारे काका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तलाव अभ्यास केंद्राचे माजी प्रमुख, व्यासपीठावर संकोचून अगदी खुर्चीच्या कडेला टेकलेले आमचे नावाडी, शेजारी बसलेल्या काकू, आणि या अर्ध्या रिकाम्या सभागृहात आवर्जून आलेल्या स्नेहीजनहो,

निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे, आणि काकांच्या बाबतीत ते सोपं आहे. केंद्राची प्रमुख म्हणून स्वतःबद्दल खरं बोलणं जड जातं. आज तेही करणार आहे. अध्यक्षमहाराज, घंटी जरा दूर सरकवा.

आमच्या नावाड्यांना सगळे 'तळकाका' का म्हणतात? आम्ही शिकलेली माणसं तलावाचा अहवाल वरून लिहायचो. आधी बगळे, पाणकावळे. मग मोठे मासे, मग छोटे. जागा उरलीच तर पाणपिसवा. काकांचं सगळं उलटं. दर सोमवारी होडीतून कापडी जाळीने पाणी गाळायचं, बाटली खिडकीच्या उजेडात धरायची आणि तिळाहून बारीक, टुणटुण उडणाऱ्या पिसवा मोजायच्या. म्हणायचे, "बाई, शेवाळ ह्या खातात, ह्यांना छोटा मासा खातो, त्याला मोठा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तुमचे साहेब पक्षी. वरच्याला काय विचारताय? खालचा जगतोय का ते बघा." पुस्तकात यालाच पोषण पातळ्या म्हणतात. मी त्या वर्षानुवर्षं शिकवल्या. फळ्यावर छान त्रिकोण काढून.

नऊ वर्षांपूर्वी डासांसाठी काठावर औषध फवारलं गेलं. पुढे दरवर्षी फवारायचं, तर 'तलावाला धोका नाही' असं आमचं पत्र हवं होतं. त्या हंगामात पक्षी किती यावेत? आजवरचा उच्चांक! याच सभागृहात आपण टाळ्या वाजवल्या. काका तिकडे, त्या दाराशी उभे होते, हातात बाटली घेऊन.

"बाई, ह्यात काही हलत नाही. मासे उपाशी, अर्धमेले होऊन वर येताहेत, म्हणून पक्ष्यांची चंगळ आहे. पंगत जोरात दिसतेय, पण चूल विझलीय."

मी काय म्हणाले असेन? "काका, आज आनंदाचा दिवस आहे, नाट लावू नका." त्याच संध्याकाळी मी पत्रावर सही केली. वर सोमवारची बाटलीही बंद करून टाकली. पक्षी मोजले की पुरे, म्हटलं.

पुढचं आपण सर्वांनी पाहिलं. शेवाळ खाणारं कोणी उरलं नाही, पाणी हिरवं आणि घट्ट झालं, मासे मरून काठाला लागले. पक्षी दोन हंगाम येऊन घिरट्या घालून गेले, तिसऱ्याला आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात आपलं केंद्रही बंद होतंय.

परवा आमंत्रण द्यायला काकांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात फळीवर फळी बाटल्या, प्रत्येकीवर सोमवारची तारीख. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या बाटल्यांपायी माझ्या कपबशा नऊ वर्षं पलंगाखाली आहेत." हसा, मीही हसले. मग बाटल्यांवरची एकेक चिठ्ठी वाचली. मी बंद केल्यानंतरचा एकही सोमवार चुकला नव्हता. "मला का नाही दाखवलंत?" विचारलं. "एकदा दाखवली होती की," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आज सोमवार. सकाळी मी त्यांच्याबरोबर होडीत गेले. परतल्यावर त्यांनी बाटली खिडकीशी धरली, बराच वेळ फिरवून पाहिली.

"काही आहे का, काका?"

"पाणी आहे, बाई."

मला बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने उदार मनाने सोडून द्यावं. त्या सहीची माफी मात्र, काका, मी मागणार नाही. तुम्ही लगेच "जाऊ द्या, बाई" म्हणाल, आणि ते मला आज ऐकवणार नाही.