आरशामागची हिरवी वायर

मंडळी, एक विचारतो. खोटं बोललं की पाप, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण तोंडातून खोटा शब्द गेला नाही, कुणाचं काही घेतलं नाही — माणूस नुसता गप्प बसला! त्याचं काय? आणि त्याची शिक्षा कुणाला? कुणी बोलत नाही? मग ऐका.

भोरात तुळशीदास जगदाळे नावाचा वायरमन होता. हात चांगला, माणूस सरळ. कीर्तनाला पुढच्या रांगेत बसायचा — तुमच्यासारखा! त्याला निगड्यांच्या घरून बोलावणं आलं. बाथरूममध्ये दिव्याचा आरसा बसवायचाय. आहे ना तो, काचेच्या कडेनं उजेड पडतो? पूर्वी माणूस तोंड धुवायला जायचा, आता बघायला जातो! हसा, आत्ताच हसून घ्या. पुढे जागा नाही.

घरच्या इंदुताई म्हणाल्या, "दादा, वेगळं बटण नको. बेसिनवरच्या दिव्याचं आहे, त्यावरच जोडा."

तुळशीदासनं मेन स्विच पाडला, जुना दिवा उतरवला. भिंतीतून दोनच वायरी आलेल्या, आरशाला तीन. तिसरी हिरवी, अर्थिंगची. मंडळी, ही वायर उजेड देत नाही. आरशाच्या पत्र्यात कधी करंट उतरलाच, तर तो माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, एवढंच तिचं काम. पण ती बोर्डापासून ओढायची तर नव्या टाइल्स फोडायला हव्यात. आणि संध्याकाळी घरात सत्यनारायण! त्यानं हिरवी वायर दुमडली, टेप गुंडाळली, आरशामागे सारली. बटण दाबलं — लख्ख उजेड!

"किती छान झालं हो," इंदुताई म्हणाल्या. दिवा लागला की काम पुरं, असंच धरतो ना आपण?

पुढे योग असा, त्याची लेक रेवती त्याच घरात सून म्हणून गेली. इंदुताईंनी तिला पोटच्या पोरीसारखं वागवलं. सणाला रेवती माहेरी आली तेव्हा जेवताना हसत म्हणाली, "बाबा, आमच्या आरशाला ओला हात लागला की मुंग्या येतात. सासूबाई म्हणतात, नवीन वस्तूंचं असंच असतं."

तुळशीदासचा घास हातातच राहिला. कळलं त्याला! ओलीनं आतली वायर खराब झाली, पत्र्यात करंट उतरला. तो उठला. व्याह्यांकडे जायचं, माझं काम कच्चं राहिलं म्हणायचं, एका दुपारचं काम. चप्पलसुद्धा घातली त्यानं. पण दारात पाय अडला. मुलीचा बाप मी! त्यांच्यापुढे मान खाली घालू? उद्या लेकीलाच ऐकून घ्यावं लागेल.

मग गेला कुठे? बाजारात! रबरी स्लिपरचा जोड घेऊन आला. "पोरी, बाथरूममध्ये अनवाणी जायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

सासरी चेष्टा झाली. "व्याही साडी देतात, आमच्या व्याह्यांनी स्लिपर दिली!" सगळ्यांत जास्त इंदुताईच हसल्या.

श्रावणातला सोमवार. इंदुताई न्हाऊन, अनवाणी, ओल्या फडक्यानं आरसा पुसायला गेल्या. दिवा चालू होता. हाक मारायलाही सवड मिळाली नाही त्यांना.

मृदंगबुवा, थाप राहू द्या. इथे नको.

तेरावा झाला नाही तोच घरात कुजबुज सुरू. "पांढऱ्या पायाची आहे. आली आणि सासूला खाल्लं." तुळशीदास तिथेच, सतरंजीवर. खरं माहीत असलेला तो एकटा! लेकीच्या नावानं बोटं मोडताहेत, आणि बाप गप्प.

मग घरच्यांनी बोलावलेल्या दुसऱ्या वायरमननं आरसा उतरवला. मागून हिरवी वायर लोंबली, टेप गुंडाळलेली. तो म्हणाला, "ही कुणी जोडलीच नाही."

रेवतीनं वायर पाहिली. मग स्वतःच्या पायातल्या स्लिपर पाहिल्या. मग बापाकडे पाहिलं. रडली नाही ती. एवढंच म्हणाली, "बाबा, एकच जोड का आणलात?"

मंडळी, तिला काय उत्तर द्यायचं? तुम्हाला येतंय का? तुमच्या घरी असा आरसा नसेलही. पण आपल्या माणसाला हळूच स्लिपर देऊन बाकीच्यांना अनवाणी ठेवलंय, असं काही आहे का कुठे? असलं तर टाळ खाली ठेवा. आरती थांबेल. देवही थांबेल. आधी उठा, त्यांच्या दारात जा आणि सांगून या.