टॉर्पेडोवाला नव्हे, स्वयंपाकी

— नाही साहेब, सही करणार नाही म्हणजे नाही. या कागदावर माझ्या भावाच्या नावापुढे 'टॉर्पेडोवाला' लिहिलंय, आणि तो होता स्वयंपाकी — पाणबुडीवरचा स्वयंपाकी. स्मारकाच्या दगडावर तेच कोरा. शोभत नाही? कुणाला शोभत नाही? बसा त्या स्टुलावर, ही बाही लावून होईपर्यंत ऐका.

पाणबुडी आतून पाहिलीय तुम्ही? मीही नाही. पण तो सांगायचा ना — स्वयंपाकघर म्हणजे कपड्यांचं कपाट, उभ्यानं शिरायचं, उभ्यानंच वळायचं, आणि त्यात चाळीस माणसांचं तीन वेळचं रांधायचं. बटाट्यांची पोती ठेवायला जागा नाही, म्हणून ती वाटेतच अंथरलेली — खात खात वाट मोकळी करायची म्हणे. सुट्टीवर आला की त्याचे कपडे मी तीन-तीनदा धुवायची, तरी डिझेलचा वास हटत नसे. आणि हा आपला दात काढायचा.

गेला कसा, ते तुमच्या कागदात नाहीच. त्यांच्यातला एक इंजिनवाला वाचला, तो कुबड्या टेकत इथवर आला, त्यानं सांगितलं. वरून बॉम्ब पडले, पुढच्या खोलीत पाणी घुसलं, आणि माझा भाऊ नेमका तिथे जेवण पोचवायला गेलेला. मधल्या लोखंडी दाराची कडी वाकलेली, लागेचना — तर यानं दार आतून ओढून धरलं. पलीकडून पाचरा ठोकून होईपर्यंत धरलं. इंजिनवाला ओरडला, ये बाहेर. हा म्हणाला, "दार सोडलं तर सगळेच जाल. शेगडीवरचं उतरवा तेवढं." एकतीस जण जिवंत वर आले, साहेब. एकतीस.

मग कागदावर हे खोटं आलं कुठून? कारकुनाला बोल लावू नका. शेवटच्या सुट्टीत शेजारी जेवायला बोलावले होते — मी तोऱ्यात सांगितलं, माझा भाऊ टॉर्पेडो सोडतो. तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, नाही हो, मी बटाटे सोलतो. लोक हसले. ते गेल्यावर मी त्याला नाही नाही ते बोलले — लढाईवर जाऊन पातेली घासतोस, चारचौघांत नाक कापलंस माझं. तो एवढंच म्हणाला, "ताई, उपाशी माणूस लढतो का गं?" सकाळी निघाला, तर मी या मशीनवरून उठले नाही. मान वर केली नाही. आणि पुढे तुमचा माणूस हुद्दा विचारायला आला — तेव्हा तर तो गेलेला होता ना, तेव्हा कसली लाज — तरी माझ्या तोंडून टॉर्पेडोच निघालं.

हे काय, लिहून कशाला घेताय? हे नाही लिहायचं. एकच शब्द लिहायचा, तो सांगितलाय मी. दगड कोरून झाला असेल तर दुसरा आणा. आणि समितीला नसेल पटत तर त्यांना म्हणावं, या माझ्याकडे, समोर बसून सांगते.

उठा आता. गिऱ्हाईक खोळंबलंय.