रविवारी मैदान मोकळं

रविवारी सकाळी स्कॉटलंडमधल्या लेव्हनच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या, सेंगा आणि नेटा. सेंगाचा नवरा आर्ची पलीकडे बाकावर सँडविचची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"कुठे निघाली स्वारी?" नेटाने विचारलं.

"सेंट अँड्र्यूजला. साठीच्या पासावर बस फुकट, सँडविच घरची, चहा थर्मासमध्ये. आज पाकीट उघडायचंच नाही."

"आर्चीला कसं गं तयार केलंस?"

"पडकं कॅथेड्रल बघू म्हटलं. हळू बोल. तिथून त्याला थेट गोल्फच्या त्या जगप्रसिद्ध जुन्या मैदानावर नेणार आहे. रविवारी खेळ बंद, कुणीही फिरावं. कुत्रीसुद्धा हुंदडतात."

"पण तो म्हणायचा ना, खेळायला मिळेल तेव्हाच तिथे पाऊल टाकीन?"

"लग्नापासून तेच ऐकतेय. दरवेळी तिथे खेळायच्या सोडतीत नाव द्यायचं, नंबर लागला नाही की हिरमुसून बसायचं. आता गुडघे गेले, डॉक्टरांनी खेळच बंद केला."

"चिडला तर?"

"चिडू दे. मैदानातल्या त्या दगडी पुलावर, जिथे सगळे गोल्फवाले फोटो काढतात, तिथे उभा करून फोटो काढणार म्हणजे काढणार. मला तर शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं झालंय बाई."

"सेंगा," बाकावरून आवाज आला, "सँडविचखाली माझे गोल्फचे बूट कशाला गं?"

"बस आली, आर्ची. चल."

आर्ची बूट उलटसुलट करून बघत राहिला.

"पॉलिशपण केलंयस. ड्रायव्हरला जरा थांबायला सांग."

आणि तो वाकून पायातल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.