दात एवढा सरकला कसा?

तुम्ही चहा घ्या, आजचा किस्सा ऐका. सकाळी माझ्या दातांच्या दवाखान्यात हिर्डोशी गावच्या स्वातीचा, सरळ करायला तार लावलेला दात कॅमेऱ्यानं मोजला. महिन्यात केसभर सरकायला हवा होता, तर सरकलेला तांदळाच्या दाण्याएवढा! बोट लावलं तर डुगडुगायला लागला.

"अगं, केलंस काय?"

तिचे वडील कौतुकानं पुढं झाले. "मागल्या तारखेला घाटात दरड पडली व्हती, येष्टी बंद. तुमची तारीख चुकाय नको, म्हणून म्याच पकडीनं तार पिळली. गावातली समदी कुंपणं म्याच ताणतो न्हवं!"

"काका, दात हातात आला असता!"

बाहेर बाकावर स्वातीच्या, तशीच तार लावलेल्या दोन मैत्रिणी गाल धरून बसल्या होत्या. तिकडं बघत ते हळूच म्हणाले, "मग ह्यांचंबी आत्ताच बघून घ्या."