वाफलच्या साच्यापायी

…आणि वर म्हणतात काय, तर टोर्गाइरने, म्हणजे मी, आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद पाडली! पाडली. बारा मिनिटं बंद पडली, कबूल. पण का, ते विचारतंय कोणी? तुम्हाला सांगतो, मला फक्त दहा सेकंद हवे होते.

म्हणजे बघा, आमची इंगविल्ड, वय पंधरा, हँडबॉलच्या संघात दुसरी गोलकीपर. पहिली खेळते, दुसरी बाकावर बसते. समोरच्यांना सात मीटरवरून पेनल्टी मिळाली की हिने धावत जायचं, गोलात उभं राहायचं, एक चेंडू अडवायचा, नाहीतर खायचा, की परत बाक. दहा सेकंद! तीन सामने झाले, तिन्हींना मी पहिल्या रांगेत, पण हिच्यासाठी एक पेनल्टी होईल तर शपथ. आणि चौथा, हंगेरीच्या पोरींशी सेमीफायनल, तेव्हा माझी पाळी कुठे? वाफलवर!

आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं. अहो, नॉर्वेत श्रमदानाला नाही म्हणता येतं होय? स्पर्धा आपल्या गावात, तर वाफल पालकांनीच करायचे. नाही म्हटलं तर कोणी भांडत नाही हो, नुसतं "बरं" म्हणतात, आणि ते "बरं" पुढची दहा वर्षं ऐकू येतं. पालकांची म्होरकी गुन्वोर. तिने यादी वाचली, मी एप्रन चढवला.

तर मी वाफल विकायच्या खिडकीत, समोर ही रांग, एका हंगेरियन आजोबांना तपकिरी चीज नको, जॅमच हवा, जॅम संपलेला… आणि आत शिट्टी! पेनल्टी! इंगविल्ड बाकावरून उठलेली मला मैदानाच्या दारातून दिसली, पण गोल काही तिथून दिसत नाही. म्हटलं, गेले खड्ड्यात वाफल, दहा सेकंदच तर हवेत. साचा तसाच तापता ठेवला आणि पळालो. दाराशी पोचतोय तोच मागे धूर, आणि आगीची घंटा अशी बोंबलायला लागली… चेंडू त्या हंगेरीच्या पोरीच्या हातात, आणि पंच म्हणतात, सगळे बाहेर! चार देशांच्या घामेजलेल्या पोरी पार्किंगमध्ये कुडकुडत उभ्या, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या एप्रनवर.

बारा मिनिटांनी सगळे आत. पेनल्टी आता होणार. मी निघालो, तर गुन्वोर दारात आडवी. "टोर्गाइर, आधी साचा घास." घासतोय, घासतोय, आणि भिंतीपलीकडे हा गलका! अडवला की खाल्ला? आपले ओरडले की हंगेरीवाले? माझ्या पोरीचे दहा सेकंद, आणि मी तारेची घासणी घेऊन उभा. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सामना संपला, इंगविल्ड धावत आली. अडवला होता हो! एका गोलने जिंकलो! म्हणाली, "बाबा, घंटा झाली तेव्हा मला चेंडूसुद्धा धड दिसत नव्हता. बाहेर गार हवेत उभी राहिले, तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं. आणि ती हंगेरीची पोरगी तर माझ्याहून घाबरली होती."

मी म्हटलं, राणी, उद्या फायनलला बघ, बाप पहिल्या रांगेत. तर तिचा चेहरा पडला.

"बाबा… उद्या पण तू वाफलवरच थांबशील? तू समोर बसलास त्या तीन सामन्यांत माझी पाळीच आली नाही."

काय करता? गेलो गुन्वोरकडे. बाई यादी लिहायला लागल्यापासून, तुम्हाला सांगतो, वाफलची पाळी मागून घेणारा पहिला बाप मी.