लाल फळीची किल्ली

...नाही, तुम्हीच सांगा, बोटभर किल्लीला कुणी हातभर फळी बांधतं? तीही लाल रंग दिलेली, बॅटीसारखी? का, तर म्हणे बायका किल्ली पर्समध्ये टाकून विसरतात. कोण बायका? अख्ख्या मजल्यावर बाई एकच, आमची धाकटी. माझी सख्खी बहीण, कॉम्प्युटर शिकलेली, पहिलीच नोकरी. बाथरूम कुठंय विचारलं तर साहेबांनी आपल्या डोक्यामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. बायकांच्या बाथरूमला कुलूप आणि किल्ली साहेबांकडे. म्हणजे जायचं तर आधी टेबलासमोर उभं राहायचं, 'सर, किल्ली,' मग ती फळी काखेत मारून सगळ्या पुरुषांच्या मधून चालत जायचं, जशी काही सलामीला फलंदाजी करायला निघालीय, आणि मागून एखादा टवाळ म्हणणारच, 'एक धाव काढून येतायत वाटतं.' साहेब घड्याळ बघायचे. 'आत्ताच तर जाऊन आलात.' शिसारी येते हो मला. दुसऱ्याच्या लघवीवर लक्ष ठेवणारा माणूस, तोही टाय लावून.

धाकटीनं काय केलं, पाणीच सोडलं. दिवसभर थेंब नाही. मग जळजळ, मग ताप, मग डॉक्टरीणबाई माझ्यावरच डाफरतात, 'मोठी बहीण ना तुम्ही, पाणी पाजत नाही हिला?' अहो, हंडाभर पाजेन, पण माणसानं जायचं तरी कुठं?

शेवटी एक दिवस साहेब म्हणाले, 'यापुढं जेवणाच्या सुट्टीतच जात जा.' ही उठली, खिळ्यावरची फळी काढली, जाऊन आली, आणि फळी परत न लावता तशीच काखेत मारून घरी. नोकरी संपली. मी शिवणकाम करते, टेप गळ्यात, तोंडात टाचण्या, आणि ही दारात उभी. 'ताई, तुझी शिवणाची खोली दे. असं दार करते की कुणाला काही विचारावंच लागणार नाही. कार्ड लावलं की उघडलं.'

मी मशीन भिंतीला सरकवलं. आमचे हे लगेच, 'लोक चंद्रावर चाललेत आणि तुझ्या बहिणीला संडासाची दारं उघडायचीत.' बँकेत गेली तर मॅनेजर म्हणतो, 'मिस्टरांना घेऊन या.' ही म्हणाली, मिस्टर नाहीत. 'मग वडिलांना.' ते वारले. 'मग एखादा भाऊ वगैरे?' अहो, कर्ज द्यायचंय की स्थळ बघायचंय?

पण चिकाटी बघा पोरीची. दार उघडलं. आधी एका दवाखान्याचं, मग शाळेचं, मग मोठमोठ्या कचेऱ्यांचं. पुढं एक भागीदार घेतला, गिऱ्हाईक दिसलं की याचे सगळे दात बाहेर, आम्ही त्याला हसराच म्हणतो. तो माल खपवायचा आणि ही गावोगाव भाषणं द्यायची. फळी सोबत. टेबलावर आपटायची आणि म्हणायची, 'बायकांना नोकरी देताय ना? मग आधी हिला रिटायर करा.' टाळ्या काय, हार काय... मी मेली समोर बसून रडायची.

आणि मग तो सत्कार. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, कॉल सेंटरवाले, मजलेच्या मजले बायका कानाला फोन लावून बसलेल्या. 'महिलांचा आदर करणारी कचेरी' म्हणून यांनी स्वतःचाच कार्यक्रम ठेवलेला, प्रमुख पाहुणी आमची धाकटी, आणि धाकटीबरोबर मी. स्टेजवर जायच्या आधी तिला जायचं होतं. बायकांच्या बाथरूमपाशी गेलो, दाराला हिचंच यंत्र. कार्ड लावलं. लाल दिवा. परत लावलं. लाल. तेवढ्यात तिथली एचआरची बाई लगबगीनं आली, हातात गुच्छ, 'अय्या मॅडम, पाहुण्यांचं कार्ड इथं चालत नाही. आणि खरं सांगू, तुमच्या यंत्रानं आमचं काम इतकं सोपं झालंय! कोण किती वेळा गेली, आत किती वेळ बसली, सगळं स्क्रीनवर. दिवसाचा कोटा संपला की दार आपलं आपण बंद. आम्हाला वाईटपणा घ्यायलाच नको.'

वाईटपणा नको म्हणे. गुच्छ तसाच नाकात कोंबावासा वाटला.

धाकटी पांढरीफटक. 'कोटा कुणी घातला यात?' ती बाई आपली कौतुकानं, 'तुमच्याच लोकांनी की. आम्ही मागितला, त्यांनी दिला.' धाकटीनं तिथंच हसऱ्याला फोन लावला. मला शेजारी ऐकू येत होतं, 'अगं, गिऱ्हाईकाला हवं ते द्यायचं असतं. अर्धी कंपनी त्यांच्यावर चाललीय. आज तिथं काही बोललीस ना, तर उद्या आपल्याच पोरींना घरी पाठवावं लागेल. हस, गुच्छ घे आणि ये.'

आता सांगा. बोलावं तर कंपनी बुडते, न बोलावं तर ती फळी कुठल्या तोंडानं मिरवायची? आणि त्यात पोटाला तडस लागलेली. माणसानं जायचं तरी कुठं?

गेली स्टेजवर. फळी टेबलावर ठेवली. भाषण एवढंच, 'मी एका साहेबाचा खिळा काढायला निघाले होते. आज बघते तर मीच खिळा झालेय.' मग मोबाइल काढला. तिच्या यंत्रात आगीच्या वेळेसाठी एक सोय असते, एक बटण दाबलं की सगळी दारं उघडतात. दाबलं. सगळी म्हणजे सगळी हो... स्टोअर, कॅन्टीन, बायकांची बाथरूमं, आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमागचं ते खाजगीसुद्धा, जिथं टॉवेलांनाही इस्त्री असते. मागच्या रांगेतल्या बायका एकदम उठल्या. पुढची रांग खुर्चीला चिकटलेली. आणि धाकटी माइकवर शांतपणे म्हणाली, 'आलेच,' आणि चालू पडली. कुठं? सरळ इस्त्रीच्या टॉवेलांकडे.

पुढचं काय सांगायचं? त्यांनी करार मोडला. हसरा गेला त्यांच्याचकडे नोकरीला, तिथं हसतोय. धाकटी पाच पोरी घेऊन परत माझ्या शिवणखोलीत. नवं यंत्र करतायत, त्यात मोजायची सोयच ठेवायची नाही म्हणे. मशीन परत भिंतीला. घरात सात बायका आणि बाथरूम एक, सकाळी आमचे हे खांद्यावर टॉवेल टाकून दाराबाहेर उभे, 'अगं, माणसानं जायचं तरी कुठं?' म्हटलं, चंद्रावर जा.

आणि परवा त्या एचआरच्या बाईचा फोन. मी टाका घालत होते, धाकटीनं स्पीकरवर टाकला. 'मॅडम, झालं गेलं विसरा हं. तुमची यंत्रं काढल्यापासून आम्ही साधी कुलपं लावलीत. पण किल्ली सारखी हरवते हो. तर ती भाषणातली तुमची लाल फळी... तिचं माप मिळेल का?'

धाकटी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मनात आलं, सुनवावेत त्या बाईला चार शब्द. पण तुम्हाला सांगते, तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई मी... कुणी माप म्हटलं की हात आपसूक गळ्यातल्या टेपकडे जातो.